पाव फेरा

भोसरीच्या टूलरूममध्ये दिवसभर
मी एका शतांश मिलिमीटरशी भांडतो.
मायक्रोमीटरचं रॅचेट तीनदा टिकटिकतं
आणि तो शेवटचा शब्द असतो.
इथे, धायरीच्या तिसऱ्या मजल्यावर,
टाकीखालच्या कपाटात मान घालून
मी फेसाशी भांडतो,
आणि फेसाचं ड्रॉइंग नसतं.

स्किमर जुना, कॅम्पातल्या नौशीरचा.
टाकी मोडली तेव्हा त्याने तो मला
अर्ध्या किमतीत दिला, वर एक वाक्य फुकट:
"पाव फेरा फिरव, डीकरा. मग चोवीस तास
हात खिशात."

हात खिशात राहणं मला जमत नाही.
व्हॉल्व्ह जरा आवळला की गळ्यात पाणी चढतं,
कटिंग चहासारखं पातळ, कपात भसाभसा.
सैल केला की बुडबुडे खालीच घुटमळतात,
वर यायला जणू त्यांना कुणी बोलावलंच नाही.
मधे कुठेतरी एक जागा आहे,
तिथे फेस दाटतो, सायीसारखा सावकाश सरकतो,
काठावर थबकतो आणि आत कोसळतो,
हिरवट काळा.
त्याला सुक्या बोंबलाच्या पोत्याचा वास येतो.
कप धुताना वृंदा खिडक्या उघडते, बोलत नाही.

समुद्र घाटाखाली राहिला.
आम्ही तो बादलीतून आणतो, भुकटी,
आरओच्या पाण्यात कालवतो,
रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरून विचारतो:
झालास का?

गुरुवारी वीज जाते.
गेल्या गुरुवारी आली ती दुपारी चारला, घरी कोणी नसताना.
पंप दचकून उठला, फेस कपाबाहेर, कपाटाबाहेर,
आणि खालच्या खासनीसांचा फोन कारखान्यात:
"तुमचा समुद्र आमच्या छताला लागलाय."

तेव्हापासून वही.
तारीख, संपमधली पातळी, व्हॉल्व्ह, फेस.
सोमवार: आठ इंच. फेस उत्तम.
मंगळवार: आठ इंच. काहीच नाही.
बुधवार: रात्री उशिरा थोडा.
शुक्रवार: काहीच नाही.
व्हॉल्व्हला मी हात लावला नव्हता.
पहिल्यांदाच खरोखर लावला नव्हता.
एअरची नळी उपसली, पंप व्हिनेगरमध्ये बुडवला,
नौशीरला फोन केला. तो म्हणाला,
"पाण्यात कोणाचा हात जातो काय?"
मी म्हटलं, माझाच. आणि मी धुऊन घालतो.

रविवारी चाव्या विसरलो म्हणून जिन्यातून परतलो.
वृंदा स्टुलावर उभी. केसांना नुकतंच तेल लावलेलं,
बाही खांद्यापर्यंत, हात कोपराच्याही वर टाकीत,
आणि क्लाउन मासा तिच्या मनगटाला टोचतोय,
जुनी ओळख असल्यासारखा.
हीच ती, जिने टाकी आली त्या दिवशी विचारलं होतं,
"बिल कोण भरणार, हा भरणार?"
"पडलं होतं," ती म्हणाली.
बोटांत ते जांभळं कोरल, खडकावर टेकवत.
"गोगलगाय रोज पाडते. तुझं लक्ष खालीच असतं."

खोबरेलाचा एक हात पुरे,
फेस सहा-सहा तास मान टाकतो.
हे मला ठाऊक होतं.
कोणाचा हात, एवढंच ठाऊक नव्हतं.

रात्री वहीत लिहिलं:
रविवार. आठ इंच. व्हॉल्व्ह तसाच. फेस नाही.
कारणाच्या रकान्यात आधी तेल लिहिलं,
मग तिचं नाव,
मग दोन्ही राहू दिली.

कपाटासमोर फरशीवर बसलो, हात खिशात.
पंपाची घरघर, खाली खासनीसांचा टीव्ही बंद झाला.
दोन वाजता गळ्यात पहिली पांढरी कड दिसली,
बोटभर, कापरी.
वृंदाला उठवलं नाही.
उठवायला हवं होतं बहुतेक.